जनावरांच्या जंतूंचे जैवपटल (बायोफिल्म)

ओल्या पृष्ठभागाला चिकटलेले जंतू स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना धरून राहतात, त्या थराला जैवपटल म्हणतात. बोलण्यात ‘बायोफिल्म’ हाच शब्द रुळला आहे. पाण्याच्या डोणीत आतून हात फिरवला की जो बुळबुळीतपणा लागतो, त्यात शेवाळाबरोबर हा थरही असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या गोठ्यांत त्याचा सर्वांत मोठा उपद्रव दुभत्या जनावरांच्या कासेत होतो. कासदाह, म्हणजे इथल्या बोलीतली ‘दगडी’ आणि कन्नडमधला ‘केच्चलु बावु’, औषधाने उतरतो आणि महिन्या-दीड महिन्यात त्याच सडात उलटतो, त्यामागे अनेकदा हे पटल असते.

थर बनण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होते. तरंगता जंतू आधी पृष्ठभागाला सैल टेकतो. या वेळी तो नुसत्या पाण्याच्या धारेनेही निघतो. नंतर जंतूच्या स्वतःच्या अंगावरची प्रथिने त्याला पक्के धरून ठेवतात. काही तासांत पेशी विभागून बारीक पुंजके होतात आणि भोवती बहुशर्करा (साखरेच्या लांब साखळ्या), प्रथिने व मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए यांचे जाळे विणले जाते. एक ते तीन दिवसांत पटल पक्व होते. त्यात पाणी व अन्न खेळेल अशा वाटा असतात. शेवटी काही पेशी सुटून नव्या जागी जातात. पेशींची गर्दी वाढली की त्यांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांची पातळीही वाढते आणि चिकटायचे की सुटायचे हे त्यावर ठरते. धुण्याच्या दृष्टीने पहिले काही तास सर्वांत मोलाचे. सकाळच्या धारेची भांडी संध्याकाळी घासणाऱ्याला सैल जंतू नव्हे, बसलेला थर घासावा लागतो.

कासेतला मुख्य गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्या अनेक वाणांत ‘आयका’ जनुकसमूह चिकट बहुशर्करा तयार करतो. काहींचे मात्र तिच्यावाचून, केवळ प्रथिनांवर भागते. असे ‘बॅप’ नावाचे प्रथिन स्पेनमधील संशोधकांनी २००१ मध्ये गाईच्या कासदाहातून मिळालेल्या जंतूत प्रथम वर्णिले. स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस आणि ई. कोलाय हेही थर धरतात. घटसर्पाच्या पाश्चुरेला मल्टोसिडाची गोष्ट उलटी आहे: त्याचे संपुट (पेशीभोवतीचे आवरण) जितके जाड, तितके पटल कमी. म्हणूनच धडाक्याने मारणाऱ्या घटसर्पापेक्षा रेंगाळणाऱ्या आजारांच्या संदर्भात पटलाचा विचार जास्त उपयोगी पडतो.

प्रतिजैविक का हरते? थराच्या तळाशी प्राणवायू व अन्न कमी पोचते, त्यामुळे तिथल्या पेशी जवळजवळ झोपलेल्या असतात. पेनिसिलीन गटातली औषधे वाढत्या पेशीची भिंत बांधू देत नाहीत. जी पेशी भिंत बांधतच नाही तिचे ती काय बिघडवणार? काही औषधे जाळ्यातच अडकतात. तरंगत्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शंभर ते हजार पट मात्राही पटलाला पुरत नाही, असे प्रयोगशाळेत आढळते. इथेच एक फसगत होते. दुधाच्या नमुन्यावरची संवेदनशीलता चाचणी तरंगत्या जंतूंवर होते, म्हणून अहवालात ‘औषध लागू’ असे येते आणि गोठ्यात गुण येत नाही. सडातून कासेत भरायच्या औषधाच्या दोन ट्यूब भरून सूज उतरली की तिसरी न भरणे हे त्याहून वाईट, कारण अपुऱ्या मात्रेने काही जंतू उलट जास्त थर धरतात. तरी सगळे खापर पटलावर फोडू नये. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कासेच्या पेशींच्या आतही शिरतो, बारीक गळवे करून लपतो आणि दुधातून रोज सारखा बाहेरही पडत नाही. एका नमुन्यात सापडला नाही म्हणून कास स्वच्छ ठरत नाही.

छुपा कासदाह, म्हणजे बाहेरून सूज न दिसणारा, ओळखायला सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही गोठ्यातच करायची चाचणी पुरते. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्याव्यात, चार खणांच्या तबकडीत प्रत्येक सडाचे साधारण ३ मिली दूध घेऊन तितकेच चाचणीचे द्रावण घालावे आणि तबकडी दहा-पंधरा सेकंद गोल फिरवावी. दूध जेलीसारखे घट्ट झाले की त्या सडात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आहेत. मिलीमागे दोन लाखांहून जास्त पेशी हा संसर्गाचा सर्वमान्य इशारा. चीक असताना आणि आटत आलेल्या जनावरात ही चाचणी फसवते.

ट्यूब पशुवैद्याच्या सल्ल्यानेच भरावी. पण भरण्याची रीतच अनेकदा नवा जंतू आत ढकलते. आधी सड पूर्ण रिकामा करावा. स्पिरिटच्या बोळ्याने सडाचे टोक पुसताना लांबच्या बाजूचे सड आधी पुसावेत, जवळचे नंतर. औषध भरताना क्रम उलटा, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. ट्यूबची नळी दोन-तीन मिलिमीटरच आत घालावी. पूर्ण खुपसली तर सडाच्या वाटेवरचे केराटीनचे संरक्षक अस्तर खरवडते आणि जंतूला टेकायला जागा मिळते. अंगठा दुमडून धार काढणाऱ्यांच्या जनावरात सड आतून दुखावतात, तोही याच वाटेचा प्रकार. मुठीने काढलेली धार बरी. जुनाट संसर्गाला आटवण्याच्या वेळचे औषध दुभत्या काळातल्या औषधापेक्षा जास्त लागू पडते. विण्याआधीचे साठ दिवस धार नसते, त्यामुळे औषध कासेत टिकते. एवढे करूनही तोच सड उलटत असेल तर ते जनावर सगळ्यांच्या शेवटी पिळावे. त्याचे दूध वासराला पाजू नये.

धारेनंतर सडाचे तोंड अर्धा-एक तास सैल असते. म्हणून लगेच अर्धा ते एक टक्का आयोडीनच्या द्रावणात सड बुडवावेत आणि पेंड-वैरण धारेनंतर टाकावी, म्हणजे जनावर उभे राहते. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात गोठ्याची जमीन महिनोन्महिने वाळत नाही. तिथे ही सवय औषधाच्या खर्चापेक्षा जास्त वाचवते. म्हशीच्या सडाचे तोंड संकरित गाईपेक्षा घट्ट असते, त्यामुळे तिला दगडी कमी होते. होत नाही असे नाही.

दूध काढण्याच्या यंत्रात थर बसतो तो रबरी लायनरच्या (सडावर चढवायच्या नळीच्या) भेगांत, नळीच्या वळणांत आणि दुधातल्या क्षारांच्या पांढऱ्या खरपुडीखाली. आधी कोमट पाण्याने (३५ ते ४० अंश) दूध धुवून काढावे. सुरुवातीलाच कढत पाणी ओतले तर प्रथिने भाजून चिकटतात आणि थराला पायाच मिळतो. मग अल्कधर्मी धुण्याचे द्रावण सुमारे ७० अंशांवर सुरू करून ४५ अंशांखाली जायच्या आत काढून टाकावे, कारण निवलेल्या पाण्यातून स्निग्धांश परत बसतो. आठवड्यातून एक-दोनदा आम्लाचे द्रावण फिरवून खरपुडी काढावी; बोअरचे पाणी जड असेल तर जास्त वेळा. क्लोरिन सगळ्यात शेवटी. तीस टक्के क्लोरिनच्या ब्लीचिंग पावडरीचे दहा लिटर पाण्यात सात ग्रॅम घातले की दशलक्ष भागांत सुमारे दोनशे भाग येतात. दुधाच्या अंशावर क्लोरिन वाया जाते, त्यामुळे न घासता ओतलेली पावडर म्हणजे नुसता वास. आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. लायनर साधारण अडीच हजार धारांनंतर बदलावेत, फाटलेले दिसत नसले तरी.

डोणीचे काम सोपे, पण टाळले जाते. सिमेंटच्या खडबडीत डोणीत थर घडीव दगडाच्या डोणीपेक्षा लवकर धरतो. आठवड्याला डोण पूर्ण उपसून, ताठ ब्रशने घासून वाळू द्यावी आणि चुना लावावा. नुसते वरून पाणी भरत राहिले की तळाचा थर तसाच राहतो. जोन्स रोगाचा (आतड्याच्या जुनाट हगवणीचा) जंतू अशा थरात टिकून राहू शकतो.

प्रयोगशाळेत थर मोजायला ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये जंतू ३७ अंशांवर २४ तास वाढवतात, तरंगते धुऊन टाकतात आणि उरलेल्यांना ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेटने रंगवतात. रंग जितका गडद तितका थर जाड. काँगो रेड आगरवर (रंग मिसळलेल्या, जंतू वाढवायच्या माध्यमावर) काळ्या, कोरड्या वसाहती आल्या तर जंतू चिकट द्रव्य बनवतो असे धरतात. या दोन चाचण्यांचे पुष्कळदा पटत नाही. पीसीआरमध्ये (जनुक शोधायच्या चाचणीत) ‘आयका’ सापडणे म्हणजे तो जंतू त्या कासेत थर धरून बसलाच आहे, असेही नव्हे.