असईचा हत्ती, टोपीवरचा मुकुट

जालना जिल्ह्यातलं असई. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याला भिडली. त्या लढाईत जबर माणसं गमावलेल्या 74व्या स्कॉटिश पलटणीला पुढे हत्तीचं मानचिन्ह मिळालं. 1881 मध्ये 71वी आणि 74वी मिळून ‘हायलँड लाइट इन्फंट्री’ झाली. ग्लासगोच्या पोरांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात एक इवलासा हत्ती आणि ‘असाये’ ही अक्षरं बसली, ती 1959 मध्ये पलटण दुसरीत विलीन होईपर्यंत.

असा बिल्ला हाती आला तर तो कधीचा, हे कसं ओळखायचं?

पहिली नजर जाते मुकुटावर. 1901 ते 1952 या ब्रिटिश राजांच्या काळात बिल्ल्यावर ट्यूडर मुकुट होता. त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल. एलिझाबेथ राणीने सेंट एडवर्डचा मुकुट घेतला. त्याच्या कमानी मधोमध खचलेल्या. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानीही जरा दबलेल्याच, त्यामुळे नवखा माणूस दोन राण्यांमध्ये हमखास गोंधळतो. 2022 मध्ये चार्ल्सने पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला आणि घोळ वाढवला. हत्तीवाल्या बिल्ल्याची तर वेगळीच गोम. अधिकाऱ्यांच्या पोशाखाच्या नियमांत त्यावरचा मुकुट ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबाच्या हारातला सांगितलेला असे. एकट्या मुकुटावर विसंबू नये ते यासाठी.

काही बिल्ल्यांना मुकुटच नसतो. लेस्टरशायर पलटणीचा बिल्ला बघा: मधे वाघ, वर ‘हिंदुस्तान’, खाली पलटणीचं नाव. 1804 ते 1823 या हिंदुस्थानातल्या नोकरीबद्दल 1825 मध्ये मिळालेला हा वाघ. इथे धातूच बोलतो. मूळ बिल्ला दुरंगी, म्हणजे वाघ पितळी आणि पट्ट्या पांढऱ्या. हा पांढरा धातू चांदी नव्हे; तांबं, जस्त आणि निकेल यांचं जर्मन सिल्व्हर. पहिल्या महायुद्धात निकेलची ओढाताण झाली. रायफलच्या गोळीचं आवरणही तांबं-निकेलचंच असे. 1916 मध्ये दुरंगी बिल्ले थांबवून सगळा बिल्ला एकाच पितळी पत्र्यातून ठोकायला सुरुवात झाली. म्हणून संपूर्ण पितळी वाघ दिसला की आधी त्या वर्षांचा संशय घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात तर पितळही परवडेना, मग अनेक पलटणींना प्लॅस्टिकचे बिल्ले मिळाले. लेस्टरशायरच्या नावात ‘रॉयल’ असेल तर बिल्ला 1946 नंतरचा, कारण ती पदवीच तेव्हा मिळाली.

1950च्या दशकात ॲल्युमिनियम आलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘जर्मन’चं पातेलं म्हणतात तेच. गंधकाम्लात बुडवून त्यातून वीज सोडली की पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढतो. छिद्रांत सोनेरी रंग शिरवून ती गरम पाण्याने बंद केली की झालं. घासायचं कामच उरत नाही. ओळखायला तळहात पुरतो: त्याच आकाराच्या पितळेच्या जेमतेम तिसरा हिस्सा वजन.

मग बिल्ला उलटा करावा. खरा बिल्ला पत्र्यावर ठसा ठोकून केलेला असतो, त्यामुळे वाघाची पाठ पोकळ, पुढच्या चित्राचा साचाच जणू. नकला बऱ्याचदा ओतीव असतात. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन वितळलेला धातू ओतला की तो थिजताना आक्रसतो. नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते, अंगावर बारीक खड्डे राहतात. कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि भिंग असेल तर ही चोरी घरबसल्या पकडता येते. त्रासदायक असतात ते जुन्याच ठशांवर नव्याने ठोकलेले बिल्ले. त्यांचं माप बिनचूक असतं. तिथे पाठीवरची पट्टी किंवा कड्या, त्यांचा डाख, आणि वाघाच्या पायांमधली जागा नीट कापलीय की धातू तसाच राहिलाय, हे बघावं लागतं.

कळक चढलेला बिल्ला दिसला की हात पितांबरीकडे जातो. तो आवरावा. डाखाभोवतीचा जुना हिरवा थर हाही पुरावाच असतो. झिजेचं मात्र काही सांगता येत नाही. वाघाच्या बरगड्या गुळगुळीत झाल्या असतील तर ती वीस वर्षांच्या नोकरीची झीज असेल, किंवा एखाद्या कडक सार्जंटच्या धाकाने दोन वर्षं रोज सकाळी फासलेल्या ब्रासोची.