कपाटामागची ओल

परळच्या आमच्या घरात, हॉलमधल्या लोखंडी कपाटाच्या मागे, दर श्रावणात भिंतीवर काळे ठिपके उठायचे. सलग तीन वर्षं आम्ही वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला दोष दिला. प्लंबर दोनदा येऊन गेला, रंगारी दोनदा. ठिपके परत आलेच. पाणी वरून येतच नव्हतं, हे कळायला इतका वेळ लागला याचं मला अजून वाईट वाटतं. सासूबाईंना दमा आहे आणि त्या त्याच हॉलमध्ये झोपतात.

बुरशीचे बीजाणू कुठल्याच घराला चुकत नाहीत. बहुतेकांचा आकार २ ते १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. ते वाऱ्याबरोबर, कपड्यांबरोबर आत येतात. त्यांना लागणारं अन्नही घरात भरपूर असतं: प्लायवुड, पुठ्ठा, चामड्याच्या चपला, पुस्तकांची बांधणी, रंगावर बसलेली धूळसुद्धा. अडतं ते फक्त पाण्यावाचून. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बीजाणू रुजायला लागतात. भिंतीवर थेंब दिसावे लागतात असंही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची बाहेरची हवाच ८० ते ९० टक्के दमट असते. म्हणून घर तपासायचं म्हणजे ठिपके मोजायचे नाहीत, पाणी कुठून येतं ते शोधायचं.

सुरुवात नाकापासून करा, आणि तीही बाहेरून घरात पाऊल टाकताच. थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावतं आणि कुबटपणा जाणवेनासा होतो. तो वास म्हणजे वाढत्या बुरशीने हवेत सोडलेली रसायनं, त्यामुळे डाग नसला तरी वास खरा मानावा. मग बंद जागा उघडा: सिंकखालचं कपाट, माळा, बेडखालचा बॉक्स, पैठण्या ठेवलेला कप्पा, गादीची खालची बाजू.

पुढे भिंती. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूची भिंत सरींचा मारा खाते. बाहेरच्या प्लास्टरला तडा असेल तर आत त्याच उंचीवर रंग फुगतो, पोपडे निघतात. वरच्या मजल्याची गळती छताला गोल, पिवळसर कडांचा डाग पाडते. तळमजल्यावर ओल जमिनीतून विटांमधून वर चढते, म्हणून डाग पायाशी असतो. भिंतीवर पांढरं काही दिसलं तर त्यावर पाणी शिंपडून पाहा. विरघळून दिसेनासं झालं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतल्या पाण्याने बाहेर आणलेले क्षार. ती बुरशी नव्हे, पण पाणी आत आहे याची खूण नक्कीच.

आमची भिंत यांपैकी कशातच बसत नव्हती. शेवटी मी तिथे हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावला. दोन दिवसांनी पाहिलं तर भिंतीकडची बाजू कोरडी आणि खोलीकडच्या बाजूवर दव. पाणी भिंतीतून येत नव्हतं, हवेतून येत होतं. पलीकडे आमची बेडरूम आहे आणि तिथे रात्रभर एसी २० अंशांवर चालायचा. २८ अंश तापमानाच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ सुमारे २५ अंशांनाच दव होऊन बसते. एसीने गार झालेली भिंत हॉलच्या बाजूने तेवढी थंड होत होती, आणि कपाट टेकून उभं असल्याने मागे वारा फिरकत नव्हता. मुंबईतल्या कितीतरी घरांत हेच घडत असणार, आणि दोष मात्र वरच्या शेजाऱ्यांच्या माथी जात असणार.

रंगावरून बुरशीचा प्रकार ओळखता येत नाही. काळी म्हणजे विषारीच, हा समज चुकीचा आहे आणि हिरवी म्हणजे निरुपद्रवी, हाही. दमा, अ‍ॅलर्जी किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेलं माणूस घरात असेल तर कुठलीच ठेवू नये. मेलेले बीजाणूही त्रास देतात, म्हणून मारण्यापेक्षा पुसून काढणं महत्त्वाचं. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल तर घरी साफ करता येतो: मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी आणि ओलं फडकं. कोरड्या ब्रशने खरवडलं की बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. बुरशी लागलेला पुठ्ठा किंवा गादी मात्र टाकूनच द्यावी, ती आतपर्यंत गेलेली असते. पाण्याची वाट बंद न करता वरून रंग मारला तर तो पुढच्या पावसाळ्यात सोलवटतो. आम्ही दोनदा तेच केलं.

आता एसी २६ वर असतो, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आहे आणि ओले कपडे हॉलमध्ये वाळत घालणं बंद केलंय. दर रविवारी मी कपाटामागे हात घालून भिंत चाचपते. या भाद्रपदात ती कोरडी लागली.