डेव्हिल मे क्राय २

जपानच्या कॅपकॉम कंपनीने जानेवारी २००३ मध्ये प्लेस्टेशन २ या गेम खेळायच्या मशीनसाठी आणलेला हातघाईच्या लढाईचा व्हिडिओ गेम. २००१ च्या ‘डेव्हिल मे क्राय’चा हा पुढचा भाग. नायक पडद्यावर अख्खा दिसतो आणि खेळाडू त्याला बाहेरून हाकतो, म्हणून तो ‘थर्ड पर्सन’ प्रकारात मोडतो. खप वाईट नव्हता. तरी मालिकेतला सर्वांत फसलेला भाग म्हणूनच तो ओळखला जातो. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पहिल्या भागाला शंभरपैकी ९४ गुण आहेत, याला ६८.

पहिला भाग दिग्दर्शक हिदेकी कामिया यांचा. कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयकथांच्या मालिकेचा चौथा भाग म्हणून सुरू झालेले काम वाट सोडून गेले आणि त्यातून हा वेगळाच गेम निघाला. तलवारीने शत्रूला वर उडवायचे आणि तो खाली पडण्याआधी पिस्तुलांच्या गोळ्यांनी हवेतच झुलवत ठेवायचे, ही त्याची खरी खूण. ‘ओनिमुशा’ या दुसऱ्या गेमच्या चाचणीत दिसलेल्या एका चुकीवरून कामियांना ही कल्पना सुचली होती. मारण्यापेक्षा कसे मारले याला गुण, ही पद्धत तिथूनच रूढ झाली.

दुसऱ्या भागाचे काम कंपनीने दुसऱ्याच चमूकडे दिले आणि कामियांना विचारलेही नाही. या नव्या चमूच्या पहिल्या दिग्दर्शकाच्या हातून काम सावरेना, तेव्हा शेवटच्या काही महिन्यांत हिदेआकी इत्सुनो यांना बसवण्यात आले. ते आधी ‘रायव्हल स्कूल्स’सारखे समोरासमोर झुंजीचे गेम करत होते. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नाव त्यांचेच आहे. आधीच्या माणसाचे नाव कंपनीने कधी जाहीर केले नाही. घर अर्धे बांधून झाल्यावर गवंडी बदलावा, तसा हा प्रकार.

कथेसाठी फार जागा द्यावी असे तिच्यात काही नाही. ड्युमारी नावाचे बेट, एरियस हा सत्तेचा हपापलेला उद्योगपती, त्याच्याविरुद्ध मालिकेचा नायक दान्ते आणि त्याच्या जोडीला लढणारी लुसिया. दोघांसाठी दोन वेगळ्या डिस्क होत्या: दान्तेच्या १८ मोहिमा, लुसियाच्या १३. पहिल्या भागात टोमणे मारत लढणारा दान्ते इथे जवळपास मुका आहे. निर्णय घ्यायची वेळ आली की नाणे उडवतो, आणि त्या नाण्याला दोन्हीकडून छापाच असतो. एवढा एक प्रसंग मात्र लक्षात राहतो.

खरी खोट लढाईत आहे. खान्देशातल्या यात्रांमध्ये कुस्त्यांची दंगल पाहिलेल्या माणसाला ती चटकन कळावी. दंगलीत आधी जोड लावतात. वजन, उंची, अंगाची तयारी बघून पैलवान एकमेकांसमोर उभे करतात, कारण जोड चुकली तर कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते आणि बघणारे उठून शेवभाजीच्या गाडीकडे वळतात. या गेममध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडच चुकलेली आहे. शत्रू संथ, बरेचसे समोर येऊन नुसते घुटमळतात. लांब उभे राहून पिस्तुलाचे बटण दाबत राहिले की ते मरतात, कधी कधी पडद्यावर दिसायच्या आधीच. ‘बॉस’ म्हणवले जाणारे मोठमोठे, खास शत्रूसुद्धा तसेच. त्यांत सैतानाने झपाटलेला एक रणगाडा आहे आणि एक हेलिकॉप्टर! हातघाईच्या गेममध्ये तलवारच अडगळीत पडली. रिबेलियन, मर्सिलेस, व्हेंडेटा अशा तीन तलवारी मिळतात, पण फरक लांबीचा आणि जोराचा. डाव जवळपास तेच. पहिल्या भागात ‘इफ्रिट’ हे आगीचे हातमोजे चढवले की लढण्याची पद्धतच बदलत असे. त्या जातीचे काहीही इथे दान्तेच्या वाट्याला आले नाही. मैदाने प्रशस्त केली आणि ती रिकामी राहिली; शत्रू दूर, कॅमेरा त्याहून दूर.

तरीही याला नुसता टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. वार चुकवण्यासाठी स्वतंत्र बटण, भिंतीवरून धावणे, लढता लढता बंदुका बदलणे आणि एकामागून एक शत्रूंच्या फळ्या अंगावर घेण्याचा ‘ब्लडी पॅलेस’ हे सगळे याच भागात आले आणि पुढच्या भागांनी ते सुधारून घेतले.

खान्देशात ही मालिका बऱ्याच जणांना उलट्या क्रमाने भेटली, आणि त्याचे कारण मशीनमध्ये होते. घरी किंवा सायबर कॅफेत असायचा तो कॉम्प्युटर. तिसरा भाग २००६ मध्ये कॉम्प्युटरवर आला, चौथा २००८ मध्ये, दुसरा मात्र थेट २०१८ मध्ये, तोही पहिल्या तिन्ही भागांच्या संग्रहातून. त्यामुळे जळगाव, धुळे, भुसावळकडच्या पोरांनी दुसऱ्या भागाची बदनामी आधी ऐकली, गेम नंतर पाहिला. तासाचे पैसे मोजून प्लेस्टेशनचा रिमोट हातात घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे अवघड गेम खिशाला महाग पडतो, त्यात भारनियमनाचे दिवस. मेमरी कार्डावर सेव्ह करायच्या आत लाइट गेली की मोहीम पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी सोपा गेम आवडायला हवा. पण झुंजीत हरल्याचे कोणाला फारसे वाटत नाही, झुंजच न झाल्याचे वाटते. अहिराणीत त्याला तीन शब्द पुरतात: मजा नही उनी (मजा नाही आली). आणखी एक गंमत म्हणजे दोन्ही डिस्क एकमेकींवाचून चालत. लुसियाचीच डिस्क हाती आलेल्याला दान्तेच्या वाटणीचा निम्मा गेम आपण पाहिलाच नाही, हे कळायची सोय नव्हती.

इत्सुनोंना हा भाग जिव्हारी लागला. त्याची भरपाई म्हणूनच त्यांनी पुढचा भाग मागून घेतला. २००५ चा ‘डेव्हिल मे क्राय ३’ प्रत्येक बाबतीत उलटा आहे: अवघड, बडबड्या, शस्त्रागणिक निराळे डाव असलेला. शिवाय तो दान्तेच्या तरुणपणाचा असल्यामुळे दुसऱ्या भागातल्या घटनांशी त्याला देणेघेणे ठेवावे लागले नाही. चौथा आणि २०१९ चा पाचवा भागही इत्सुनोंचाच. २०२४ मध्ये ते कॅपकॉममधून बाहेर पडले.

कथेच्या क्रमात दुसरा भाग आधी सर्वांत शेवटी धरला जाई. पाचव्या भागाच्या सुमारास कंपनीने त्याला उचलून चौथ्याच्या आधी ठेवले. म्हणजे दान्ते तरुणपणी बडबड्या, मध्ये ड्युमारी बेटावर मुका, आणि लगेच चौथ्या भागात पुन्हा बडबड्या. मधल्या काळात त्याची वाचा का बसली होती, हे कुठल्याच भागात सांगितलेले नाही.