जेट विमानाची प्रतिकृती : बाहेरचे पार्ट आणि दुरुस्ती

प्लास्टिकच्या किटातून जेट विमानाची मापशीर प्रतिकृती जोडणे, आणि किट बनवणाऱ्याने सोडलेल्या चुका दुसऱ्याच कोणी बनवून विकलेल्या भागांनी काढून टाकणे, असा हा छंद. या सुट्या भागांना छंदवाले ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात उभे राहिले की कानावर येणारा ‘बाहेरचा पार्ट’ हा शब्द त्याला अधिक चपखल आहे. मात्र ट्रॅक्टरला शक्यतो कंपनीचाच पार्ट घ्या म्हणतात, आणि इथे कंपनीचा काढून बाहेरचा बसवतात.

जेट विमानांत १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे सर्वांत जास्त चालतात. १:७२ मध्ये सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. याच हिशेबाने किटातला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७.२ सेंटिमीटर. किटातले चाकाचे दार मिलिमीटरभर जाडीचे असेल, तर ते विमानाचे दार राहत नाही, वाड्याच्या दरवाजाची फळी होते. पितळी पत्र्याचे भाग विकत घेण्यामागे ही जाडीच असते.

भारतात या छंदाचे आवडते विमान मिग-२१. भारतीय वायुसेनेत ते १९६३ मध्ये चंडीगडच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच त्याला निरोप दिला गेला. यातली बरीच विमाने नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बांधलेली. नागपूरला वायुसेनेच्या देखभाल कमानीचे (मेंटेनन्स कमांड) मुख्यालय आहे. त्यामुळे कोणाचा तरी मामा किंवा मेव्हणा ‘वायुसेनानगरात होता’ हे विदर्भात हमखास ऐकायला मिळते. त्या मामाच्या आठवणीवरून मात्र माप घेऊ नये.

किट उघडण्याआधी कोणते मिग ते पक्के करावे लागते. एफएल, एम, बिस आणि बायसन हे मिग-२१ चे उपप्रकार लांबून सारखे दिसतात, जवळून नाहीत. एफएलची कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण, समोरच्या काचेसकट एकसंध असते आणि पुढच्या बिजागरीवर उचलली जाते. एम आणि बिसमध्ये समोरची काच जागेवर राहते व मागचा भाग उजवीकडे उघडतो. एफएलची पाठ सडपातळ, बिसची फुगीर. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगायचे दोन पायलॉन, नंतरच्यांना चार. एफएलला अंगची तोफ नव्हती, पोटाखाली वेगळी पेटी लावावी लागे. नाकावरची, वेग मोजायला लागणारी पिटो नळी एफएलला वर मधोमध, पुढच्या उपप्रकारांत उजवीकडे सरकलेली. बायसनच्या समोरच्या काचेला चौकटच नाही. बिसच्या सांगाड्यावर १९७१ च्या एफएलचे क्रमांक चिकटवलेली प्रतिकृती पाहिली, की लग्नात भलत्याच नवरदेवाला हार घातल्यासारखे वाटते.

व्हर्नियर कॅलिपर हे या कामाचे पहिले हत्यार. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये ९९.४ मिलिमीटर आणि १:४८ मध्ये १४९. एवढे मोजून घेतले की अर्धी खरेदी वाचते. पंखच दोन मिलिमीटर आखूड असतील तर महागडी सीट आणून उपयोग काय?

बाहेरच्या पार्टांचे प्रकार बरेच आहेत. सिलिकॉनच्या साच्यात ओतलेले रेझिनचे (ओतल्यावर घट्ट होणारे प्लास्टिक) कॉकपिट, सीट, चाके आणि जेटचे मागचे तोंड. आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे पॅनेल, पट्टे, दारे. लेथवर कातलेली पितळी पिटो नळी. धातूचे लँडिंग गिअरचे पाय. रंग लागू नये तिथे चिकटवायचे कापलेले मास्क. डिकल, म्हणजे क्रमांक-चिन्हांची पाण्यावर सुटणारी चित्रे. अलीकडे थ्रीडी प्रिंटचे भागही मिळतात. पायांसाठी रेझिन टाळावे. वजनाखाली ते हळूहळू वाकते, आणि पत्र्याच्या छपराखाली नवतपात ‘हळूहळू’ हा शब्दही गळून पडतो. वाकलेला रेझिनचा भाग गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतो, ही एक सोय आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाते ते रेझिनचे कॉकपिट. ते ओतलेल्या ठोकळ्यासकट येते. ठोकळा हॅकसॉच्या पात्याने कापायचा आणि तळ वॉटर पेपरवर पाणी टाकून घासायचा. ही धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून पाणी आणि तोंडाला मास्क दोन्ही हवेत. प्रस्तुत नोंदकार घरातल्या एका जुन्या परातीत हे काम करतो. ती परात आता पोळ्यांना चालत नाही. पुढचा अडथळा असा, की कॉकपिट खऱ्या मापाचे असते आणि किटाची भिंत मात्र जाड. ती आतून खरवडावी लागते. खरवडता खरवडता सांगाड्याचा अर्धा भाग बल्बसमोर धरायचा. प्लास्टिकमधून उजेड पिवळसर दिसू लागला की हात थांबवायचा. नोंदकाराचा हात एकदा थांबला नाही आणि पायलटच्या डाव्या खांद्याशी भोक पडले. ते लांबी भरून बुजवले, घासले, रंगवले, आणि माहीत असलेल्याला अजूनही दिसते.

एवढ्याने सुटका नाही. मिगमध्ये नाकातून आलेली हवा कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे जाते आणि खाली पुढच्या चाकाची खोली असते. म्हणजे कॉकपिट खाली घ्यायला जागा नसते. ते मिलिमीटरभर वर राहिले की सीटचे डोके कॅनोपीला टेकते, आणि सीट घासून बुटकी केली की तिच्या वरच्या दोऱ्या-कड्या जातात. चिकटवण्याआधी टेप लावून निदान चार वेळा कोरडे बसवून पाहावे. मागे रेझिनचे जड तोंड लावले असेल तर नाकात वजन भरायला विसरू नये, नाहीतर विमान शेपटीवर बसते. सायकलच्या दुकानातले छर्रे याला उत्तम.

रेझिन आणि पितळ यांना प्लास्टिकचे सिमेंट धरत नाही, सायनोॲक्रिलेट लागते. घरोघरचे फेव्हिक्विक त्याच जातीचे. ते हवेतल्या दमटपणावर घट्ट होते. त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते रेंगाळते आणि श्रावणात बोटालाच विमान चिकटते. त्याची वाफ पारदर्शक कॅनोपीवर पांढरी साय धरते, म्हणून काचेला ते लावू नये. उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकाशीच वाळतो. कूलर चालू खोलीत तो जरा शहाण्यासारखा वागतो. पावसाळ्यात मात्र लॅकरवर पांढुरकी झाक येते. अकोला, बुलडाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक भानगड आहे: बोअरच्या पाण्यात डिकल भिजवले तर वाळल्यावर क्षाराचे डाग राहतात. बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे, ते कुठल्याही गॅरेजमध्ये मिळते.

परदेशातून पार्सल मागवायचे म्हणजे टपालखर्च आणि जकात मिळून कधी कधी किटापेक्षा पार्ट महाग पडतो. म्हणून गावात जे मिळते त्यावर बरेच काम भागवता येते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची बारीक तार ब्रेकच्या नळ्यांसाठी, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी सीटबेल्टसाठी, मेणबत्तीवर ताणलेला स्प्रू (किटातले भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची काडी) अँटेनासाठी, जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर एअरब्रशच्या हवेसाठी. पितळी पत्रा घडी घालताना तुटतो. आधी गॅसच्या ज्योतीवर क्षणभर तापवून घेतला की मऊ होतो. हे सगळे करताना दारात कोणी ना कोणी उभे राहतेच. ‘काय करून राह्यला बे?’ झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘उडते का हे?’ नाही म्हटले की माणूस निघून जातो.

रंगाच्या बाबतीत १९७१ चे एफएल हा मेजवानीचा विषय. युद्धाच्या घाईत चंदेरी विमानांवर स्क्वाड्रनमध्येच हिरवे-करडे रंग मारले गेले, त्यामुळे एकाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला केलेली मिग एफएलच होती. त्या काळचे विमान करायचे तर त्याच क्रमांकाचा फोटो समोर हवा, आणि दोन्ही बाजूंचा हवा. एका बाजूच्या फोटोवरून दुसरी बाजू ‘अशीच असेल’ म्हणून रंगवणे ही नेहमीची चूक. कॉकपिटच्या आतला निळसर हिरवा आणि चाकांच्या तबकड्यांचा झगझगीत हिरवा हे दोन रंग मात्र रशियन घराण्याचे, ते विसरले तर विमान परके दिसते.

पिटो नळी सर्वांत शेवटी लावतात. किटातली प्लास्टिकची नळी जाड असते आणि पहिल्या धक्क्याला तुटते. कातीव पितळी नळी मिळाली नाही तर मेडिकलमधली बारीक इंजेक्शनची सुई टोक घासून लावता येते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला एसटीने विमान न्यायचे असेल तर ती आधी काढून काडेपेटीत ठेवावी, आणि टेबलावर पोचल्यावर, पोरांचे हात पोचायच्या आत, परत खोचावी.