तारांवर तरंगणारा कॅपो

गाणाऱ्याची पट्टी बदलली की वाजवणाऱ्याची काय धांदल उडते, हे पेटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. काळी दोनमध्ये बसवलेलं भजन कुणी पांढरी पाचमध्ये धरलं, तर स्केलचेंजर पेटीवर पट्ट्यांचा अख्खा संच सरकवता येतो आणि बोटं ओळखीच्याच जागी चालत राहतात. गिटारवर हे काम कॅपो करतो. गिटारच्या मानेवर तो चिमट्यासारखा बसतो, सगळ्या तारा एका ठरावीक फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघेवर, आवळून धरतो आणि मोकळ्या तारांचे सूर वर चढतात. साध्या गिटारसाठी कुठलाही बरा कॅपो चालतो. मांडीवर आडवी ठेवून, लोखंडी बार फिरवून वाजवायच्या रेझोनेटर गिटारची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे कॅपोची निवड हा खरोखर भौतिकशास्त्राचा प्रश्न होतो.

रेझोनेटर गिटार जन्मली लॉस एंजेलिसमध्ये, १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. विजेवर चालणारी गिटार तेव्हा बाजारात यायची होती आणि नाचगाण्याच्या वाद्यवृंदात साध्या गिटारचा आवाज बुडून जायचा. स्लोव्हाकियातून अमेरिकेत गेलेल्या जॉन डोपेरा या कारागिराने तिच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. तारांची थरथर लाकडी फळीऐवजी थेट शंकूवर जाते आणि तो लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा हवा ढकलतो. नॅशनल या कंपनीची तीन शंकूंची गिटार १९२७ मध्ये आली. पुढे डोपेरा बंधूंनी डोब्रो या नावाने वाटीच्या आकाराचा एकच, साडेदहा इंच व्यासाचा शंकू असलेली गिटार काढली. तिच्यात कोळ्यासारखी आठ पायांची धातूची चौकट ब्रिजखालचं, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीखालचं, कंपन शंकूच्या कडेपर्यंत पोचवते.

डोब्रो ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतात रुजली. १९५५ मध्ये जॉश ग्रेव्हज हे फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या मंडळीत आले आणि अर्ल स्क्रग्ज यांची बँजोवरची तीन बोटांची वेगवान शैली त्यांनी डोब्रोवर उतरवली. त्या शैलीत मोकळ्या तारांना फार महत्त्व आहे. तारा जी-बी-डी-जी-बी-डी अशा लावलेल्या असतात, म्हणजे नुसत्या छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड वाजते. बार उचलला, टेकवला, ओढला की मोकळी तार मधेमधे गात राहते. गाणं ए किंवा बी पट्टीत गेलं की या मोकळ्या तारा परक्या होतात. बारने कुठलीही पट्टी गाठता येते, पण ती खुमारी जाते. म्हणून कॅपो हवा.

तारा पिळून दोन अर्धस्वर वर का चढवू नयेत? तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जी वरून ए वर जायला कंपनसंख्या सुमारे १२ टक्के वाढवावी लागते आणि त्यासाठी ताण २६ टक्के. सहा तारांचा मिळून ताण आधीच ८० किलो वजनाएवढा असतो, त्यावर आणखी वीस किलो चढतील. त्याने शंकूवरचा दाबही वाढेल. कॅपो ताणाला हात लावत नाही, फक्त वाजणारी लांबी कमी करतो. २५ इंची, म्हणजे ६३५ मिलिमीटर लांबीच्या तारेवर दुसरा फ्रेट नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून, सुमारे ६९ मिलिमीटरवर येतो. उरलेली ५६६ मिलिमीटर तार बरोबर दोन अर्धस्वर वर बोलते.

आता अडचण पाहू. मांडीवर वाजवायच्या डोब्रोची मान चौकोनी आणि जाड असते, आणि तारा मानेवरच्या फ्रेटच्या पट्टीपासून जवळजवळ एक सेंटिमीटर उंच असतात. बार फिरताना तार फ्रेटला लागता कामा नये, म्हणून ही उंची. इथले फ्रेट म्हणजे नुसत्या खुणेच्या रेघा. साधा कॅपो या मानेवर बसत नाही, आणि बळेच बसवून तारा खाली दाबल्या तर त्या ताणल्या जातात. ०.४ मिलिमीटर जाडीची वरची डी तार दुसऱ्या फ्रेटपाशी एवढी खाली दाबली, तर तिची लांबी पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पोलाद फारसं ताणलं जात नाही. माझ्या ढोबळ हिशेबाप्रमाणे तेवढ्याने ताण वीस टक्क्यांनी वाढतो आणि सूर एका अर्धस्वराहून अधिक चढतो. सहाही तारा सारख्याच चढतील असंही नाही, त्यामुळे वाद्य पार बेसूर होईल.

यावर कारागिरांनी काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. डोब्रोचा कॅपो मानेला स्पर्शच करत नाही. त्याचा एक भाग तारांच्या वर, दुसरा तारांच्या खाली, आणि मधे सहाही तारा चिमटीत. पट्टीपासून वर, फक्त तारांच्या आधाराने तो अधांतरी तरंगत असतो. तार खाली जात नाही, म्हणून ताणलीही जात नाही.

पण अधांतरी असण्याची किंमत मोजावी लागते. नट मानेत घट्ट बसलेला असतो, तो हलत नाही. कॅपो मात्र हलू शकतो. सहा ताणलेल्या तारा म्हणजे एक स्प्रिंग आणि कॅपो म्हणजे त्यावर ठेवलेलं वजन, असं धरलं तर त्या जोडीला स्वतःची एक कंपनसंख्या असणारच. ती काढणं अवघड नाही. दुसऱ्या फ्रेटवर, ८०० न्यूटन, म्हणजे वरच्याच ८० किलोंच्या, एकूण ताणाला, ३० ग्रॅमचा कॅपो सेकंदाला साधारण १०५ वेळा हलायला बघतो. त्या जागी सर्वांत जाड तार ए सूर देते, त्याची कंपनसंख्या ११०. दोन्ही आकडे इतके जवळ आले की तार छेडताच कॅपोही डोलू लागतो, तारेची ऊर्जा खातो, ती इतर तारांना आणि नटाकडे वाटून टाकतो. सूर उमटतो पण टिकत नाही, ढप्प होतो. जाड तार कडेला असल्यामुळे कॅपो नुसता वरखाली न होता एका अंगाला झुलतोही.

तोच कॅपो ६० ग्रॅमचा असेल तर आकडा ७४ वर उतरतो आणि १०० ग्रॅमला ५७ वर. आता तो सगळ्या वाजणाऱ्या सुरांच्या बराच खाली आहे. तार वेगाने थरथरते, जड कॅपोला तेवढ्या वेगाने हलणं जमत नाही, आणि कंपन त्याच्यावर आपटून परत फिरतं. नटाने जे करायचं तेच काम इथे जडत्व करतं. हा हिशेब ढोबळ आहे, तारा म्हणजे काही आदर्श स्प्रिंग नव्हेत. तरी ‘वजनदार कॅपो घ्या’ असं जुने वादक का सांगतात ते यातून कळतं. आणखी एक गोष्टही कळते: पहिला फ्रेट ही सर्वांत कठीण जागा आहे. तिथे नटाकडचा तुकडा आखूड असल्याने स्प्रिंग ताठ होते आणि ६० ग्रॅमच्या कॅपोचाही आकडा शंभरावर जातो, तिथल्या खालच्या सुराच्या, म्हणजे १०४ च्या, अगदी शेजारी. पाचव्या फ्रेटवर तोच कॅपो ५३ वर येतो, आणि तिथला खालचा सूर असतो १३१. म्हणून दुकानात कॅपो पारखायचा तर तो पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर लावा आणि सर्वांत जाड तार छेडून सूर किती वेळ रेंगाळतो ते ऐका. वर पाचव्या फ्रेटवर जवळपास सगळेच कॅपो चांगले वाटतात.

वजनानंतर येते ती धार, म्हणजे जिथे तारेची वाजणारी लांबी सुरू होते ती कड. ती कठीण आणि सरळ हवी. बार सगळ्या तारांवर सारखा टेकावा म्हणून डोब्रोच्या नटातल्या खाचा अशा कोरतात की तारांचे माथे एका पातळीत येतात. जाड तार १.४ मिलिमीटर, बारीक तार ०.४, म्हणजे खालच्या बाजूने एक मिलिमीटरचा फरक. म्हणून कठीण, सरळ धातू वरच्या बाजूला आणि फरक सामावून घेणारं अस्तर खालच्या बाजूला, ही रचना मला सर्वांत पटते. दोन्हीकडे रबर असेल तर तो कॅपो सोडून द्या. रबर वरच्या सुरांतली चमक गिळून टाकतं, आणि डोब्रोची अर्धी ओळख त्या चमकेत आहे. मधल्या एखाद्या तारेवर पकड सैल पडली तरी लगेच कळतं, ती तार कुरकुरते.

पितळ की पोलाद, यावर वादक तासन्‌तास बोलतात. पितळ पोलादापेक्षा थोडं जड, ॲल्युमिनियमच्या तिप्पट. एकाच आकाराच्या पितळी आणि पोलादी कॅपोत वजनाचा फरक दहा टक्क्यांच्या आसपास येतो, तेवढ्याने स्वभाव बदलेल असं मला वाटत नाही. फरक पडतो तो झिजेत. पितळ मऊ असल्याने तारा त्यात हळूहळू घळी पाडतात, आणि घळीत बसलेली तार झणझणू शकते. रोज वाजवणाऱ्याने स्टेनलेस पोलाद घ्यावं. ॲल्युमिनियमचा हलका, देखणा कॅपो या वाद्यासाठी नको.

लावण्याची जागाही साध्या गिटारपेक्षा वेगळी. तिथे कॅपो फ्रेटच्या किंचित मागे लावतात, कारण तारेची लांबी फ्रेट ठरवतो. इथे ती कॅपोची धार ठरवते, म्हणून धार फ्रेटच्या रेघेच्या बरोबर वर यायला हवी. दुसऱ्या फ्रेटवर एक मिलिमीटरची चूक म्हणजे सुमारे तीन सेंटचा फरक, एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरले तर. एवढं कानाला सहसा कळत नाही. तीन मिलिमीटर चुकले तर कळतं, आणि कॅपो तिरका बसला तर कडेच्या दोन तारा एकमेकींशी भांडतात. ट्यूनरवर आधी जाड तार पाहा, मग बारीक.

कॅपोच्या मागे, नटाकडे उरलेले आखूड तुकडेही बोलतात. दुसऱ्या फ्रेटवर ते मोकळ्या तारेच्या नऊपटीहून वर वाजतात, जाड तारेचा तुकडा ९०० च्या आसपास. हलक्या कॅपोतून गळलेली ऊर्जा त्यांना जागं करते आणि गाण्यात एक अनाहूत किणकिण मिसळते. फेल्टची बारीक पट्टी तिथे तारांमधून ओवली की ती थांबते.

गोल मानेची रेझोनेटर गिटार, जी ब्लूज वादक उभी धरून बोटात नळी घालून वाजवतात, तिला ही सगळी यातायात लागत नाही. तारा खाली असतात, नेहमीचा कॅपो चालतो. फक्त स्लाइडसाठी तारा जरा उंच ठेवल्या असतील तर दाब कमी-जास्त करता येणारा, स्क्रूचा कॅपो घ्या.

आपल्याकडच्या स्लाइड गिटारवर कॅपो दिसत नाही, त्याचंही कारण आहे. मैफलभर षड्ज एकच राहतो. शिवाय पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेसारख्या वाद्यात तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांच्या सुराने आपोआप झंकारणाऱ्या, तारा असतात. मुख्य तारांवर कॅपो लावला तरी तरफा जुन्याच सुरात राहतील आणि त्यांचा प्रतिसाद नाहीसा होईल.

विकत घेताना शेवटी पाहायचं ते माप. खालचा जबडा तारा आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत मावला पाहिजे, आणि दोन तारांच्या मधून जाणारा दांडा कुठल्याही तारेला घासता कामा नये. तारांमधलं अंतर वाद्यागणिक बदलतं, म्हणून स्वतःची गिटार सोबत न्यावी, आणि ती नेता येत नसेल तर नटापाशी पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर आणि पट्टीपासून तारेची उंची, ही दोन मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्यावीत.