खांडेकरांच्या वाटेनं: सांगली, शिरोडा, कोल्हापूर

‘ययाति’ वाचलेली माणसं कोल्हापुरात घरटी सापडतील. पण ती लिहिणारे वि. स. खांडेकर ज्या गावात लेखक म्हणून घडले, ते कोकणातलं शिरोडं पाहिलेले फार थोडे. म्हणून आम्ही ही तीन दिवसांची सहल आखली आहे.

पहिला दिवस सांगलीचा. 1898 साली खांडेकरांचा जन्म इथला. मूळ नाव गणेश आत्माराम; चुलत्यांना दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. गणपती मंदिर आणि कृष्णेचा घाट पाहून रात्री मुक्कामाला कोल्हापुरात आपापल्या घरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघायचं. उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता आहे. आजऱ्यात चहाला थांबतो. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंतांचं हे जन्मगाव. घाटात गाडी लागत असेल त्यांनी पुढच्या सीटसाठी आधीच सांगावं.

सहलीचा खरा जीव शिरोड्यात आहे. 1920 साली बावीस वर्षांचे खांडेकर इथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर म्हणून आले आणि 1938 पर्यंत राहिले. पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ (1930) याच काळातली, ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ही. शाळा आज अ. वि. बावडेकर विद्यालय या नावानं चालते. वर्ग भरलेले असतात, त्यामुळे परवानगी आम्ही आधी घेतो. व्हरांड्यात मोठ्यानं बोलू नये, मुलांचे फोटो काढू नयेत, एवढी विनंती.

दुपारी मिठागरं. उथळ चौकोनी वाफ्यांत भरतीचं पाणी घेतात, उन्हानं ते आटत जातं आणि तळाचे खडे ओढून काठावर पांढऱ्या राशी लावतात. हे काम भर उन्हातलं. दहा मिनिटं उभं राहिलं तरी डोळे दिपतात. 1930 चा मिठाचा सत्याग्रह याच शिरोड्यात झाला, तेव्हा खांडेकर इथंच शिकवत होते. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतली गरिबांची कणव आणि ध्येयवेडी माणसं कुठून आली, हे आम्हाला तरी इथं उभं राहिल्यावर जास्त कळतं. टोपी आणि पाणी जवळ ठेवा. जेवण मालवणी, शाकाहारींची सोय वेगळी.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठातलं खांडेकर स्मृती संग्रहालय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. शाळा पाहून आलं की तिथली छायाचित्रं, हस्तलिखितं, त्यांच्या वापरातल्या वस्तू निव्वळ काचेमागच्या राहत नाहीत. मराठीला पहिलं ज्ञानपीठ (1974) मिळवून देणारा हा माणूस अठरा वर्षं एका खेड्यात फळ्यासमोर उभा होता, हे ध्यानात ठेवून तिथं फिरा.

जून ते सप्टेंबर सहल बंद असते: मिठागरं पाण्याखाली, घाटात धुकं. शाळा आणि संग्रहालय दोन्ही उघडं हवं, म्हणून मंगळवारी निघून गुरुवारी परततो. नावं निदान आठवडाभर आधी द्यावीत. शाळेला नेमकी संख्या कळवावी लागते.