साबणाची अंघोळ की औषधाची? पिसवा झालेल्या मांजरीच्या पिलांसाठी

मांजर कडब्याच्या गंजीत नाहीतर सोयाबीनच्या पोत्यांमागे व्याली, की पिलं घरात येईपर्यंत त्यांच्या अंगावर पिसवा झालेल्याच असतात. "धुऊन काढा त्यांना," असं कुणीही सांगतं. कशानं धुवायचं, ते मात्र कुणी नीट सांगत नाही. भांडी घासायच्या लिक्विड साबणाची अंघोळ आणि पिसवांच्या औषधाची अंघोळ बघायला सारखीच: तेच पाणी, तोच फेस, तेच केकाटणारं पिलू. पहिलीनं पिसवा मरतात. दुसरीनं पिलूही मरू शकतं.

साबण विषानं मारत नाही. साध्या पाण्यात पिसू सहज भिजत नाही, तरंगून निसटते. पाण्यात साबण मिसळला की ती भिजते आणि बुडून मरते. अंग नीट खळबळून धुतलं की मागं काही उरत नाही. म्हणून चार दिवसांत नव्या पिसवा चढू शकतात, हे खरं. पण दिवसभर स्वतःला चाटणाऱ्या पिलाच्या अंगावर काही न उरणं, हीच मोठी सोय आहे.

औषधाचं काम अंगावर टिकून राहण्याचंच असतं. गोठ्यातल्या गोचिडांसाठी आपण आणतो त्या बाटलीत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन नाहीतर डेल्टामेथ्रिन असतं. कुत्र्यांच्या कितीतरी पावडरी, शाम्पू आणि मानेवर टाकायच्या थेंबांत पर्मेथ्रिन असतं. ही औषधं किड्याच्या नसांवर घाला घालतात. गाय-म्हैस, कुत्रं ती पचवून बाहेर टाकतात. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. आधी लाळ गळते, कान आणि पाय थरथरतात, मग झटके येतात. बाटली कोनाड्यात तयारच असते, म्हणून "बादलीत दोन थेंब टाकले तर काय होतंय?" असं वाटतं. होतं, आणि पिलू मूठभर असल्यानं लवकर होतं. डब्यावर मांजर आणि त्याचं वय स्पष्ट छापलेलं नसेल, तर ते पिलाला लावायचं नाही. फिनेल, डेटॉल आणि रॉकेलही नको.

कुणी चुकून लावलंच असेल, तर भांड्याच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं लगेच धुऊन काढा, पुसून गुंडाळा आणि तडक दवाखाना गाठा. झटके सुरू असतील तर धुण्यात वेळ घालवू नका.

आता वयाचं. साधारण चार आठवड्यांपर्यंत पिलाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. हिवाळ्यात परभणीकडं पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा ओलं पिलू गारठून पिसवांच्या आधीच जाईल. एवढ्या लहानाला भिजवूच नका. पिसवांसाठी मिळते ती बारीक दातांची फणी घ्या, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा. मानेपासून शेपटीकडं फणी ओढायची, पिसू सापडली की फणीसकट वाटीत बुडवायची. काळे कण निघाले तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिलाचंच पचलेलं रक्त.

त्याहून मोठं, खातंपितं पिलू असेल तर अंघोळ चालते. मनगटाला कोमट लागेल असं पाणी घ्या. सगळ्यात आधी मानेभोवती फेसाचं कडं करा. अंग भिजलं की पिसवा डोळ्यांकडं, कानांकडं पळतात. त्या या कड्यात अडकतात. मग गळ्याखालचं अंग हलक्या हातानं चोळा. तोंडावर पाणी नको, तिथं फणीच. दोन-चार मिनिटांत उरका, धुवा, सुती पंचानं कोरडं करा आणि उबेत ठेवा. बोचऱ्या थंडीत किंवा पिलू मलूल असताना नकोच.

अंघोळीआधी एकदा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या पडल्या असतील तर पिसवांनी रक्त ओढून घेतलंय. अशा पिलाला धुवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तालुक्याला जनावरांचा सरकारी दवाखाना असतो, परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कोवळ्या पिलांना चालणारी औषधंही असतात, पण ती वयावर आणि वजनावर ठरतात. म्हणून निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिलाचं वजन करून घ्या.

आईला सोबत न्या. तिच्या अंगावर पिसवा राहिल्या तर पिलं दूध पिताना पुन्हा भरतात. पिसवांची एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती केसांना चिकटत नाहीत, निजायच्या जागी गळतात. तेव्हा पिलांखालचं पोतं जाळा नाहीतर टाकून द्या, गोधडी कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवा आणि तो कोपरा आठ-पंधरा दिवस रोज झाडून केर बाहेर टाका.